लाल टोपण

सकाळचे सात. रात्रपाळीचा चहा
पेल्यात तसाच, साय धरलेला.
कडक इस्त्रीच्या आठ नव्या मुली ट्रॉलीभोवती.
मी म्हणते, आधी हात धुवा, मग कान.
हसतात. कान कसे धुवायचे ते कळेल हळूहळू.

या वॉर्डात तीन आनंदा पाटील आहेत.
चार नंबरचा वडणग्याचा, नऊचा शिरोलीचा,
अकराचा कळंब्याचा; त्याला ऐकू कमी येतं,
कुठलंही नाव घेतलं तरी 'व्हय' म्हणतो.
म्हणून 'तुम्ही आनंदा पाटील ना?' असं विचारायचं नाही.
'मामा, नाव सांगा की तुमचं. आणि गाव?'
मग मनगटावरची पट्टी. मग कागद.
मग पुन्हा मनगट.

गुजरीत सोनार वजन करताना
पंखा बंद करतो, पाहिलंय कधी?
गुंजभर सोन्यासाठी वारा अडवतो.
आपल्याकडे फोन वाजतो,
कुणी विचारतं केसपेपर कुठं काढायचा,
डॉक्टर दारातूनच हाक मारतात,
आणि त्याच वेळी हातात असतं पोटॅशियम,
जे नीट पातळ न करता थेट शिरेत सोडलं
तर माणूस बोलता बोलता थांबतो.

डिगॉक्सिनआधी नाडी. पूर्ण मिनिट.
पंधरा सेकंद गुणिले चार, असला बाजारी हिशेब नको.
साठच्या खाली भरली तर गोळी वाटीतच राहू दे,
जा, विचार. विचारल्यानं कुणी लहान होत नाही,
झालंच तर माझं नाव सांग.

आणि दिलं म्हणजे सुटलो, असं नाही पोरींनो.
अर्ध्या तासानं परत जायचं.
ओठ सुजलेत? अंगावर गांधी उठल्यात?
नाश्ता पोटात गेलाय
की ताटलीखाली झाकून ठेवलाय
लेक कागलहून येईल म्हणून?

हे सगळं सांगता सांगता
नऊ नंबरसाठी मी इन्सुलिन भरलं.
वीस.
सिरिंज उजेडाकडे धरली, बुडबुडा टिचकीनं वर घालवला,
सव्वीस वर्षांची सवय, बोटांना डोळे फुटलेले.

"सिस्टर."
हलिमा मुल्लाणी. मागच्या रांगेतली,
आठवडाभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता.
"सिस्टर, टोपण लाल आहे."

बाटली शंभराची. सिरिंज चाळीसची.
कागदावर वीस होते,
पोटात पन्नास जाणार होते.

मग सगळ्याच हसल्या, सुटल्यासारख्या.
"मुद्दाम केलं ना सिस्टर? आमची परीक्षा!"
'हो' म्हणायला अर्धा श्वास पुरला असता.
तो मी घेतलाही होता.

एस्तेर समुद्रे सिस्टर आठवल्या, माझ्या शिक्षिका.
पुराच्या साली, वीज गेलेली,
दातात बॅटरी धरून त्यांनी चुकीच्या नोंदवहीत
स्वतःचं नाव लिहिलं होतं, आडनावासकट,
मी शेजारी उभी असताना.
कुणाला दिसलंही नसतं.

"नाही," मी म्हटलं. "चुकलं माझं."

वॉर्ड एवढा शांत मी महापुरातही पाहिला नव्हता.
नऊ नंबरचे पाटील उशीवर कोपर टेकून उठले.
"काय झालं गं बाई?"
सांगितलं. जसं होतं तसं.
ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले,
मग हलिमाकडे.
"त्या पोरीला टोचू दे," म्हणाले.

लागलं. लागू दे.

तिनं नवी सिरिंज फोडली, केशरी टोपणाची.
हात थरथरत होता, आकडा नाही.
तिनं मोठ्यानं वाचलं, मी मोठ्यानं वाचलं,
बाटली, तारीख, वीस,
नाव, गाव,
आणि पाठीमागे कुणीतरी, न सांगता,
पंखा बंद केला.