फुंकर

जागोदा सांगते, नाकानं घ्या, ओठांनी सोडा,
गरम सूपवर फुंकर घालतो तसं.
मी सूप कधी निववून प्यायलो नाही.
पहाटेच्या पाळीआधी घशाखाली लोटायचं
की निघायचं.

बरं, मग मेणबत्ती समजा.
बाई, म्हटलं, खाणीत ज्योत काय सांगते
ते बघायचं असतं, तिला विझवायचं नसतं.
पहिल्याच दिवशी शिकवतात.

ती हसते. बोटाला चिमटा लावते.
एकोणनव्वद.
आणि डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवते.

आत बर्चची झाडं, ओढा, लाकडी पूल.
पॅडल मारलं की रस्ता सरकतो,
थांबलो की रस्ताही थांबतो, शहाण्या घोड्यासारखा.
कुठे धूर नाही. कसला वासही नाही.
बीतोममध्ये अशी हवा असती
तर आम्ही ती विकून खाल्ली असती.

फांदी आली की मी वाकतो.
आलोइझ, ताठ बसा, लागत नाही ती फांदी!
ते मलाही ठाऊक आहे.
पाठीला कोण सांगणार?
सव्वीस वर्षं छत डोक्याच्या खाली होतं.

शेजारच्या सायकलवर हिल्डा पीका.
ती कधी जमिनीखाली उतरली नाही.
नवऱ्याचे कपडे अंगणात झटकायची
आणि थंडीत कोळशाची शेगडी विझू द्यायची नाही,
एवढंच.
तिच्या छातीत आहे ते एवढंच.
तिला होडी दिली आहे. पॅडल मारता मारता
एक हात बाजूला सोडते, पाण्यात बुडवते,
मग तो स्वेटरला पुसते.
या खोलीत त्यावर कुणी हसत नाही.

मुकादमानं जन्मभर दम दिला मला.
साठवता आला असता तर
आज जिन्यावर उपयोगी पडला असता.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं,
दगडाची धूळ आणि पिसांची धूळ,
दोन्ही एका छातीत मावणार नाहीत.
दगडाची काढता येत नाही.
तेव्हा पिसांची काढली.
एक्केचाळीस कबुतरं, पिंजऱ्यासकट, रुफीनकडे.
तो पैसे देत होता. मी घेतले, खोटं कशाला बोलू.
एक राखी मादी परत आली.
पुन्हा नेऊन दिली, पुन्हा आली.
तिसऱ्यांदा चोच काचेवर वाजली तेव्हा
मी खिडकी उघडली नाही.
आतल्या बाजूला उभा होतो, ढास दाबून.

आज चौथ्या मिनिटाला सहज वर पाहिलं.
एवढं मोठं आभाळ केलंय कुणीतरी,
ढग बिग सगळं नीट,
आणि एक पाखरू ठेवलेलं नाही.
पाय थांबले. ओढा थांबला.
छाती आवळत गेली, बरगड्यांना कुणी आतून दोर बांधावा तशी.
बाहेरून कुठूनतरी जागोदा,
सूप, आलोइझ, सूप!

हातांनी हँडल सोडलं. का, माहीत नाही.
एकमेकांजवळ आले, एक वर, एक खाली,
आणि मधे एका कबुतराची जागा राहिली.
शर्यतीच्या आदल्या रात्री असंच धरायचं तिला, उताणी,
अंगठ्याखाली तिचं काळीज, घड्याळापेक्षा घाईत.
छातीवरच्या पिसांत फुंकर घालायची.
पिसं दुभंगतात, कातडी दिसते.
गुलाबी असली तर उद्या ती उडेल.
जोर करायचा नाही, बिचकते.
हलकी, लांब. अजून थोडी.
पिसं मिटेपर्यंत.

एक्क्याण्णव, जागोदा म्हणाली. काय केलंत?
सूप निववलं, मी म्हणालो.

अजून दोन मिनिटं आहेत.
पूल ओलांडला की पुढे ती फांदी.
वाकतो.