कोणाकडचे

मे महिना. इतवारीतली भाड्याची खोली.
रात्री दोनला कूलरच्या वाळ्यावर
पाणी पडायचं थांबलं, आणि जाळीमागून
कुणीतरी खाकरलं:
"तुम्ही कोणाकडचे?"

बदलीवर येऊन अकरा महिने झाले होते.
मोजणी खात्यात माझं नाव अजून
'ते सांगलीवाले', तेवढंच.
म्हणालो, कोणाकडचाच नाही.
"मग या. साखळी घ्या."

शुक्रवारी तलावाच्या तळाशी दरबार.
दोन राण्या, सावली एकच,
आलटूनपालटून नेसायच्या.
प्रधान म्हणजे एक ढोक, एका पायावर,
राजमुद्रा दुसऱ्या पायाच्या मुठीत.
सावली फाडायची ठरली होती,
मधोमध, मोजून,
परक्याच्या हातानं.

धाकटी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.
थोरली कानाशी आली:
चार बोटं माझ्याकडे सरकव,
इथलं नाव देते तुला.
"इथे नाव असलं," ढोक पुटपुटला,
"की शत्रूही मिळतो."

अकरा महिन्यांत
मला शत्रूसुद्धा मिळाला नव्हता.

साखळी टाकली. खळकन आवाज,
आणि सकाळ. टब कोरडा.
जिन्यात गोन्नाडे: "काहून जी,
रातभर कूलर बंद होता तुमचा.
बरं नाही काय?"

बरं आहे म्हणत उन्हात उतरलो.
माझी सावली मला
चार बोटं आखूड.
गोन्नाडेनं पाहिली ती. काही न बोलता
तिच्या कडेकडेनं
जपून पाय टाकत गेला.