डाव्या कालव्यावरचा चहा

भडगावच्या पुढे, डाव्या कालव्याला लागून
पाटबंधाऱ्याचा जुना बंगला.
ओसरीत रुबाब तडवी 'इंग्लिश चहा' देतो.
पाटीवर तसंच लिहिलंय,
'ल'पाशी खडू मोडलेला.

चहा वेगळा, दूध वेगळं, साखर वेगळी.
किटलीला लोकरीची टोपी.
बशी इथे फक्त कपाखाली ठेवायची असते
हे मला दुसऱ्या घोटाला कळलं.

"मना आजला खानसामा व्हता," तो म्हणाला,
"साहेब गया, टोपी ऱ्हायनी."

कालव्याला पाळी नव्हती.
तळाशी चिखल, चिखलात एक चप्पल,
पलीकडे वाऱ्यानं चिरलेली केळीची पानं.
"उकळत नाहीत, नुसता भिजवतात,"
कुमुद पुटपुटली
आणि चौथ्यांदा साखर ढवळली.

तेवढ्यात वर कुठेतरी पाणी सुटलं.
आवाजाआधी वास आला.
मग काटक्या, फेस, एक बिनझाकणाची बरणी,
आणि त्यांच्याही पुढे पळणारी दोन पोरं.
चप्पल हलली, वळली, निघाली.

रुबाब हातातल्या गाळणीसकट काठावर गेला,
आम्हाला विसरलाच.

मग आम्ही बशीत ओतला.
फुर्रर्र.
कुमुद म्हणाली, आता लागतोय चहासारखा.