इतर (कृपया नमूद करा)

व्हिटबीच्या कड्यावर
देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान आहे.
तिच्या बाजूच्या बाकावर मी गेले अकरा दिवस बसतेय.
डाव्या मुठीत माणसं मोजायचं यंत्र,
उजव्या मुठीत स्टॉपवॉच,
मांडीवर तेवीस प्रश्नांचा अर्ज
आणि वाऱ्यासाठी चार चिमटे.

माणसं येतात, कमानीत उभी राहतात,
समुद्राकडे पाठ करतात, हसतात.
टक.
सरासरी थांबा: एक मिनिट चाळीस सेकंद.
त्यातले समुद्राकडे बघण्याचे, नऊ.
(माझ्या प्रबंधातलं एवढं एकच वाक्य
डॉ. पेनकना आवडलंय.)

ब्रॅडफर्डहून आलेल्या शमीमबाईंनी
थर्मासमधला चहा आग्रहानं पाजला,
विचारलं, दिवसभर इथे बसून बघतेस काय?
बघणाऱ्यांना बघते, म्हटलं.
त्यांना वाटलं, बिचारीला नोकरी नाही.
जाताना बाकावर एक समोसा ठेवून गेल्या.

एका पोराचे बटाट्याचे काप सीगलनं पळवले.
मी ते ‘नकारात्मक अनुभव’ या रकान्यात टाकलं.
पोरगं मात्र हात नाचवत
दिसेल त्याला तेच सांगत सुटलं होतं.
खोडलं.

आज तीनच्या सुमारास क्लिफर्ड वेदरिल.
वय पंच्याहत्तरच्या वर. एकटे. लोकरीची टोपी.
अर्ज हातात घेतला तो सुतारानं फळी घ्यावी तसा,
एक डोळा मिटून, कड बघत.

मूळ गाव? इथलंच.
सध्याचा पत्ता? पिकरिंग, मुलीकडे, मागची खोली.
मुक्काम? दोन रात्री. पलीकडच्या गल्लीत, निळ्या दाराचं घर.
निवास निवडण्याचं कारण?

इथे ते थांबले. चिमटा वाऱ्यानं वाजत राहिला.

माझंच होतं ते, म्हणाले. एकेचाळीस वर्षं.
दार हिरवं होतं तेव्हा.
आता किल्ली नसते, चार आकडे असतात,
मोबाइलवर येतात, दर शनिवारी बदलतात.
भिंतीवर लाकडी अक्षरांत लिहिलंय, ‘समुद्र’.
समोर खिडकी आहे, तिच्यात समुद्र आहे,
तरी लिहिलंय.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर जेनच्या उंचीच्या खुणा होत्या,
त्यांवर पांढरा रंग फासलाय.
पण नखानं चाचपलं की लागतात:
सहा वर्षं, साडेसात, गोवर झाला ते वर्ष.

प्रश्न अठरा. सुविधांबद्दल काही तक्रार?
न्हाणीघरातला नळ गळत होता.
मग?
मग काय, रात्री दुरुस्त केला.
वायसर खिशात घेऊनच आलो होतो.

प्रश्न तेवीस. पुन्हा येण्याची शक्यता, एक ते पाच?
त्यांनी उलट मलाच विचारलं, तू कुठली?
सांगलीची, म्हटलं. मग सवयीनं, लीड्स.
तिथे, त्या पहिल्या गावी, पुन्हा जाण्याची?
एक ते पाच?
मी पेन्सिलीला टोक काढत बसले.
गेले की आई कपाटातून नवा टॉवेल काढते.
घडी मोडलेली नसते.

‘इतर’पुढची जागा बोटभर असते.
त्यांचं तिथे मावलं नाही,
मी अर्ज पालथा करून लिहिलं, तिरपं, दाटीवाटीनं.
संध्याकाळी फोनवर डॉ. पेनक म्हणाल्या,
गोड आहे गं, पण हा बाह्यबिंदू, वगळून टाक.
एकतर स्थानिक धर, नाहीतर पर्यटक.
दोन्हीकडे धरलास तर बेरीज चुकेल.

साडेसहाच्या बसमध्ये यंत्र बघितलं: चारशे बारा.
क्लिफर्ड उठून गेले तेव्हा
कमानीखालून गेलेच नाहीत,
बाहेरून वळसा घालून गेले,
गावातली माणसं कुत्री घेऊन जातात तसे.
माझा अंगठा तरी दाबला गेला होता.
टक.

चारशे बारा, की अकरा?
समोसा गार झालाय.
काचेला डोकं टेकून मी खाल्ला,
डावीकडे समुद्र होता, बराच वेळ.