अठ्ठेचाळीस तास

ग्रिम्सबीतल्या सव्वादोनशे स्वयंपाकघरांची
मी तपासनीस.
कोंबडीच्या तंगडीत थर्मामीटर खुपसते,
फ्रिजच्या रबरी कडेवरून बोट फिरवते
आणि निघताना आकडा देते, शून्य ते पाच.
लोक माझ्याशी हसतात, पण दातांनीच.

रात्री दोनपासून मी बाथरूममध्ये आहे.
गुडघे गार फरशीवर, कपाळ बादलीच्या काठाला.
पोटात कुणीतरी ओली चादर पिळतंय,
पाणी संपलं तरी पिळतंय.

फॉर्म तोंडपाठ आहे:
गेल्या बहात्तर तासांत काय खाल्लंत? कुठे? किती वाजता?
इतरांना विचारताना मी पेन उघडून
थेट डोळ्यांत बघते.
आज आरशाकडे पाठ करून बसलेय,
कारण पहिल्या उलटीलाच उत्तर कळलं होतं.

भात.
सकाळी लावलेला, शेगडीवरच विसरलेला.
हीटर चालू, खिडक्या बंद.
रात्री परतले तर पातेलं हाताला कोमट लागलं.
टाकवेना.
मोहरी तडतडली, कढीपत्ता, शेंगदाणे, वरून लिंबू.
काय मोकळा झाला होता! शितं मोजून घ्यावीत असा.
वाफ आली की सगळं शुद्ध,
हे हुपरीच्या आमच्या चुलीपुढचं गणित;
आणि ते चुकतं कुठे, हे मीच शिकवते
दर गुरुवारी, प्रोजेक्टर लावून:
जंतू मरतो. त्यानं मागे ठेवलेलं विष मरत नाही.

साडेसातला दार वाजलं.
खालच्या मजल्यावरचा हालित.
मार्चमध्ये त्याच्या दुकानाला मी दोन दिले होते.
(भात. उघड्या पातेल्यात. अकरा तास.)
म्हणाला, पाइपांतून सगळं ऐकू येतं.
हातात उकळून निवलेल्या पाण्याचा जग,
केमिस्टकडची मीठ-साखरेची पुडी, एक चमचा.
"घटाघटा नाही. चमच्यानं.
ओकलीस तर दहा मिनिटं थांब, परत सुरू कर.
रक्त दिसलं, भोवळ आली,
किंवा दिवसभर लघवीच झाली नाही,
तर एकशे अकराला फोन. मी खाली आहे."
कुणी शिकवलं हे?
"मुलीनं. दोन वर्षांची होती तेव्हा."

सिंकमधल्या पातेल्याकडे त्यानं एकदा पाहिलं.
तळाशी चिकटलेली पिवळी शितं.
काही बोलला नाही.
खिडकी उघडून गेला.

आता नियमाप्रमाणे, शेवटच्या उलटीनंतर
अठ्ठेचाळीस तास
मला कुणाच्याही स्वयंपाकघरात पाऊल ठेवता येणार नाही.
बुधवारी त्याची फेरतपासणी होती.
ऑफिसला कळवलं, मला नको, दुसऱ्या कुणाला पाठवा,
यापुढेही.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: त्याचं मीठ खाल्लंय.
मग खोडलं.
इंग्रजीत ते लाच घेतल्यासारखं दिसत होतं.

चमचा.
घड्याळ.
चमचा.