ताटलीचं वजन

मालाचं वर्णन लिहा, म्हणाला फोन,
कमीत कमी पन्नास अक्षरं.
मी लिहिलं: सोडे. सर्जेकोटचे. घरी सोललेले,
जाळ्यावर पसरून वाळवलेले. वास येतो. येणारच.
भाच्याने, लौकिकने, वास खोडून
'अस्सल सागरी सुगंध' केलं,
फोटोतली सुंगटां जास्वंदीइतकी लाल केली.
म्हटलं, "इतकी लाल दर्यातसुद्धा नाय रे."
फोटो पुन्हा काढला.
करडे-गुलाबी, वाकडे,
एकाच्या पाठीला सालाचा तुकडा तसाच.

एवढं केलं म्हणून मला वाटायचं,
आपला व्यवहार धुतल्या तांदळासारखा.

मग अकोल्याहून दोन चांदण्या आल्या.
कावेरी डहाके. माल चांगला. वजन कमी.

तणतणत उत्तर लिहायला बसले:
ताई, सुकी वस्तू आहे, तुमच्याकडची हवा कोरडी,
वाटेत ओल उडते…
हे खरंही आहे. आमच्याकडे भिंतीलासुद्धा घाम येतो.
पण 'पाठवा'वर बोट टेकायच्या आधी
एक पाकीट उचललं,
दिगंबरच्या दुकानात त्याच्या काट्यावर रिकामं केलं.
दोनशे बत्तीस.
"काटो तुझो चुकता."
तो काही बोलला नाही. किलोचं लोखंडी माप ठेवलं.
एक हजार.

काटा त्याचाही बरोबर होता, माझाही.
गणपतीआधी सेल बदलले तेव्हापासून
मी आधी काटा चालू करायचे, मग ताटली ठेवायचे,
निळी, प्लॅस्टिकची,
आणि अठरा ग्रॅम ताटली
लोकांना सोड्यांच्या भावाने विकत होते,
ताटली घरीच ठेवून.

एक्केचाळीस पाकिटं. सातशे अडतीस.
पाऊण किलोला बारा ग्रॅम कमी.

कावेरीबाईंनी मोजलं.
बाकी चाळीस जणांनी मोजलंच नव्हतं.
पाच-पाच चांदण्या दिल्या होत्या, न मोजता.
एकाने लिहिलं होतं, आईच्या हातची आमटी आठवली.
रात्री निजण्याआधी मी त्या उघडून बघायचे.
आता बघवेनात.

ॲप धुंडाळलं. परत करायचं बटण
घेणाऱ्याला आहे,
देणाऱ्याला नाही.

नवरा इंजिन पुसत म्हणाला,
"एकट्या बायलेन इचारल्यान, तिका दी.
निजलेल्यांका कित्याक उठयतस?"
त्याचंही चूक नव्हतं.
मी ऐकलं, आणि लखोटे मोजून घेतले.

रात्रभर अठरा-अठरा.
कुठे सोडा मधून तोडावा लागला.
चिठ्ठी एकच, एक्केचाळीस वेळा:
माझ्या काट्यावर ताटली मोजली गेली. हे तुमचे.
विजयश्री कोयंडे.
विसाव्या चिठ्ठीला अक्षर बिघडलं,
तिसाव्याला लाज जरा कमी झाली,
हे सांगायलाच हवं.

मालवणच्या पोस्टात खिडकीमागचा मुलगा
नाकाला रुमाल लावून, "आत काय?"
"अठरा ग्रॅम," मी म्हटलं.
तिकिटांचा खर्च मालाच्या वर गेला.

पुढे फार काही घडलं नाही.
दोन लखोटे परत आले, पत्ता सापडत नाही.
लातूरच्या एकाने चांदण्या काढून घेतल्या:
विक्रेत्या स्वतःच कबूल करतात, वजन कमी असतं.
कावेरीबाईंच्या दोन, त्या दोनच राहिल्या.
सांगलीहून कुणीतरी पुन्हा मागवले,
पाव किलो, एक शब्द न लिहिता.

परत आलेले लखोटे फळीवर आहेत.
मांजर रोज त्यांच्याखाली येऊन बसतं.
घरात मासळी नसते त्या दिवशी
माझीही नजर जाते तिकडे.
आमचे नाहीत ते.

आता आधी ताटली ठेवते.
रिकामी.
आकडे थरथरतात,
मी पंखा बंद करते, हात मागे घेते,
आणि शून्य येईपर्यंत
श्वाससुद्धा मान वळवून सोडते.