शुद्धिपत्र

रात्री साडेअकराला पहिलं पान सुटायचं असतं.
सभा दसरा चौकात, ऑफिसपासून चालत सात मिनिटं,
तरी आम्ही ती पाहिली रियाज मुजावरच्या कॅमेऱ्यातनं.
हेरवाडकर म्हणाले, जनसागर घ्या.
म्हटलं, परवाच्या मोर्चालाही सागरच होता.
मग महासागर घ्या.
पंचगंगेच्या गावात समुद्र
आम्ही एवढ्या सहज आणतो.

खुर्च्या शौकतभाईंच्या. त्यांना फोन लावला.
बावीसशे टाकल्या भावा, सात-आठशे तशाच उचलल्या,
आन् माझं नाव घालू नको, बिल निघायचंय अजून.
पानावर वीस हजार गेले.

फोटो चार कॉलमी. डावीकडून कापला,
डावीकडं रिकाम्या खुर्च्या होत्या आणि कुठलीशी भिंत.
उरली मधली बाई. हात वर, तोंड उघडं.
फोटोओळ मी लिहिली: आपला माणूस आला!
उद्गारचिन्ह एकच दिलं होतं,
छापून आली तेव्हा दोन होती.

त्याच अंकात, पान सहा, अग्रलेख:
लोकानुनयाचा ज्वर.
तो दुपारीच लिहून तयार होता, सभेला चार तास असताना.
झुंडीला प्रश्न पडत नसतात, असं त्यात एक वाक्य.
त्यातला अनुस्वार मी तपासला,
वाक्य तपासणं माझ्या कामात येत नाही.
आणि शेवटच्या पानावर नेत्याची जाहिरात,
पूर्ण पान, रंगीत, पैसे आगाऊ.

म्हणजे एकच बाई, एका रात्रीत,
पहिल्या पानावर सागर,
सहाव्यावर झुंड,
आणि शेवटी नेत्याच्या पसरलेल्या हाताखाली
ठिपक्याएवढी. भिंग धरलं
तर निळा, लाल, पिवळा, काळा,
चारच ठिपके.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती जिना चढून आली.
मालन आवळे, सुतारवाडा.
अंक चौपदरी घडी करून काखेत.
"ह्यो हात माझा हाय," म्हणाली.
"वर केल्ता इचारायला.
पुरात शिलाई मशीन गेलं माझं,
पंचनाम्यात त्येचं नावच न्हाई.
माईक काय हिकडं आला न्हाई.
मग बसलो खाली."

बसलो. आमच्याकडं बायका
आलो, गेलो, बसलो असंच बोलतात.
गेली वीस वर्षं मी त्यांचं
आले, गेले, बसले करत आलो.

वाटलं भांडायला आली असेल, खुलासा मागेल.
मी मनात मजकूर जुळवलासुद्धा:
कालच्या अंकात 'महासागर' ऐवजी 'मालन आवळे' असे वाचावे.
'झुंड' ऐवजीही तेच.
उद्गारचिन्हांच्या जागी एक प्रश्नचिन्ह.
जागा दोन सेंटिमीटर, पान पाच, रक्तदान शिबिराखाली.

तिला त्यातलं काही नको होतं.
"कापल्याला फोटू हाय काय तुमच्याकडं?
डाव्या अंगाला माझी भित हाय त्यात.
तलाठी म्हणतोय, पाणी आल्याचा पुरावा दे.
पांढरी केली मागनं, मालकानं, चुना मारून. आज सकाळी."

रियाजच्या कार्डात सापडला.
रिकाम्या खुर्च्यांच्या पाठीमागं भिंत,
आणि दाराच्या कडीवर वीतभर
पुराची तपकिरी रेघ,
कुणी पट्टी लावून ओढावी तशी.
हेरवाडकर चहाचा कप घेऊन मागं उभे राहिले.
त्यांनी खुर्च्या मोजल्या असाव्यात. बोलले नाहीत.

प्रिंटरची शाई संपत आलेली. पहिली प्रत फिकी निघाली.
रियाज म्हणाला, मावशी, रेघ जरा गडद करू?
"नगं रं बाबा," ती म्हणाली,
"हाय तेवढीच दाखीव."

कागद तिनं अंकाच्या घडीत ठेवला,
आमच्या दोन उद्गारचिन्हांवर.
येतो, म्हणाली, आणि जिना उतरली.

इथं मी 'येतो'च ठेवलंय.